जगाच्या वास्तुकलेची पुस्तकं पट्टी घेऊन वाचताना: माझा अनुभव

वास्तुकलेचं पुस्तक हातात आलं की मी आधी प्लॅन (आडवी कापून वरून दाखवलेली इमारत) आणि सेक्शन (उभी कापलेली इमारत) बघते, फोटो सगळ्यात शेवटी. आतले फोटो बहुधा वाइड अँगल लेन्सने काढलेले असतात. साधी खोलीही त्यात सभागृहाएवढी भासते. एकदा तो अंदाज डोक्यात बसला की निघता निघत नाही.

सामान मोजकं: ट्रेसिंग पेपर, ०.५ची पेन्सिल, मिलिमीटरची पट्टी, डिव्हायडर.

पहिलं काम प्रमाण शोधण्याचं, म्हणजे इमारत चित्रापेक्षा किती पट मोठी ते. छापताना चित्र लहानमोठं होतं, म्हणून खाली लिहिलेल्या ‘१:२००’वर विसंबायचं नाही. चित्रात आखलेली मोजपट्टी चित्राबरोबरच आक्रसते, तिच्यावरून मोजायचं. जेम्स फर्ग्युसनच्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात (१८७६) बऱ्याच प्लॅनखाली ‘१ इंचाला ५० फूट’ असं छापलेलं आहे. कार्ल्याचं चैत्यगृह (लेण्यातलं बौद्ध प्रार्थनागृह) सुमारे १२४ फूट लांब, म्हणजे छापील पानावर अडीच इंचांना किंचित कमी. तेच पान पीडीएफमधून ‘फिट टू पेज’ करून छापलं की हिशेब कोलमडतो. अशा वेळी मजकुरातलं एखादं खात्रीचं माप घ्यायचं, चित्रात तेच अंतर मोजायचं आणि खऱ्या मापाला चित्रातल्या मापाने भागायचं. माप शक्य तितकं लांब निवडावं. खांबाच्या जाडीवरून प्रमाण काढलं तर पट्टीवरची अर्ध्या मिलिमीटरची चूक सगळ्या इमारतीत पसरते.

मग प्रत्येक प्लॅन मी १:५००वर उतरवते. यात आकडेमोड सोपी: मीटरची दुप्पट केली की मिलिमीटर. रोमच्या पँथिऑन या गोल प्राचीन मंदिराचा आतला व्यास ४३.३ मीटर, म्हणून ८६.६ मिमीचं वर्तुळ. विजापूरच्या गोल घुमटाचं दालन आतून चौरस, बाजू १३५ फूट, म्हणजे ८२ मिमी. कागद एकावर एक ठेवले की चौरसाचे कोपरे वर्तुळाबाहेर येतात, आणि विजापूरची मोकळी जागा रोमपेक्षा मोठी आहे हे लगेच दिसतं.

गोल घुमटाच्या प्लॅनपाशी मात्र घाई करू नये. त्यातल्या तुटक रेषांचा तारा फरशीवरची नक्षी वाटतो. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवी कापलेली इमारत. त्या कापाच्या वरचं सगळं तुटक रेषांनी दाखवतात. हा तारा म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी. आता सेक्शन शेजारी हवाच. फर्ग्युसनच्या मापांनुसार ५७ फूट उंचीवर दालन आत झुकू लागतं आणि ९७ फूट व्यासाच्या गोल तोंडापर्यंत आवळत जातं. घुमट मात्र १२४ फूट व्यासाचा, या तोंडाच्या बराच मागे बसवलेला. मधे उरते ती बारा फुटांहून रुंद गॅलरी. कमानींचं आत झुकलेलं वजन घुमटाच्या बाहेर रेटणाऱ्या जोराला तोलून धरतं. केवढी देखणी युक्ती! घुमटाच्या या व्यासात कार्ल्याचं चैत्यगृह लांबीने बरोबर मावतं, हेही ट्रेसिंगवरच कळतं.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये घडीचे नकाशे बरेचदा न उलगडताच टिपलेले असतात, तेव्हा दुसरी प्रत शोधावी. आजच्या वास्तूंच्या पुस्तकांत प्लॅन बोटभर आणि मोजपट्टी गायब, असं सर्रास असतं. तिथे जिना कामाला येतो. घरातल्या जिन्याच्या सलग दहा पायऱ्या प्लॅनवर एकत्र मोजायच्या आणि ते अंतर अडीच ते तीन मीटर धरायचं. सार्वजनिक इमारतींच्या पसरट पायऱ्यांना हा हिशेब लावू नये.