कुलपापासून इम्मोबिलायझरपर्यंत : आमची वाटचाल

इंदूरमध्ये आमच्या दुकानाची सुरुवात गाड्यांच्या कुलपांपासून झाली. किल्ली घासणे, इग्निशन लॉकचा बॅरल बदलणे, जोडीला सेल्फ आणि वायरिंग. पुढे किल्लीच्या डोक्यात चिप आली आणि नुसतं पातं कापून भागेना. दार उघडायचं, सेल्फ फिरायचा, पण इंजिन लागायचं नाही, किंवा लागून एक-दोन सेकंदांत बंद पडायचं. या एका तक्रारीने दुकानाची दिशा बदलली. आज मुख्य काम इम्मोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चिपशिवाय इंजिन लागू न देणाऱ्या यंत्रणेचा, दोष शोधण्याचं आहे.

किल्लीतल्या चिपला स्वतःची बॅटरी नसते. लॉकभोवतीची अँटेना कॉइल बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर तिला ऊर्जा देते आणि चिप आपला कोड पाठवते. इम्मोबिलायझर युनिट तो पडताळून इंजिनच्या इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, परवानगी देतं. हे युनिट कुठे वेगळं असतं, कुठे दारं-दिवे सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये, कुठे डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये. म्हणून रिमोटचं बटण चालत नाही आणि गाडी सुरू होत नाही, हे दोन वेगळे दोष समजावेत. रिमोटचा सेल संपला तर साध्या किल्लीची गाडी सुरू व्हायलाच हवी. पुश बटणाच्या गाडीत सेल संपला असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये रिमोट बटणाला टेकवून स्टार्ट करता येतं. काहींत त्यासाठी ठराविक जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

गाडी आली की आम्ही दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरच्या आधी मल्टीमीटर लावतो. विश्रांतीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर पुढचं काहीच खात्रीचं राहत नाही. व्होल्टेज पडलं की युनिट मधेच रीसेट होतं, इसीयूला परवानगी पोचत नाही, आणि दोष मात्र किल्लीवर येतो. याच वेळी अर्थिंगही मोजावं : सेल्फ फिरत असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि युनिटचा अर्थ यांच्यात ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर आधी तो बोल्ट घासून घट्ट करायचा.

मग मीटरमधला किल्लीचा दिवा बघायचा. बहुतेक गाड्यांत इग्निशन ऑन केल्यावर तो थोडा वेळ लागून विझला तर किल्ली ओळखली गेली. लुकलुकत राहिला तर नाही. (गाडी बंद असताना तो लुकलुकणं बऱ्याच मॉडेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं, तो दोष नाही.) दिवा विझूनही इंजिन लागत नसेल तर इम्मोबिलायझर सोडून क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे इसीयूला सांगणारा) आणि फ्युएल पंपाकडे वळावं. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला तर संशय क्रँक सेन्सरवर.

दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघावी, तीही जुडग्यातून सुटी काढून. जवळ दुसरी चिपवाली किल्ली असेल तर वाचनात अडथळा येतो. दुसरीने गाडी लागली, तर दोष पहिलीच्या चिपमध्ये. किल्ली पडल्यावर चिप फुटते किंवा केस बदलताना जुन्या केसमध्येच राहून जाते. एकही किल्ली ओळखली जात नसेल, तर कॉइलची कंटिन्युइटी (तार अखंड आहे का) आणि कपलरच्या, म्हणजे वायरिंगच्या जोडाच्या, पिना तपासाव्यात. स्टीअरिंग लॉकचं काम झालेल्या गाडीत पिन मागे सरकलेली सापडते.

स्कॅनरवर पी ०५१३ हा कोड आला म्हणजे किल्ली चुकीची ठरली. यू ०१६७ म्हणजे इम्मोबिलायझरशी संपर्क तुटला. यू ०१६७ दिसला की बॅटरीची तार काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायची जागा) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये, म्हणजे युनिटं एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांमध्ये, रोध मोजायचा. सुमारे ६० ओहम हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. मधे गेटवे (संदेश पुढे पोचवणारं वेगळं युनिट) असेल तर हे मोजमाप युनिटच्या कपलरपाशी घ्यावं लागतं. माळव्यातल्या पावसाळ्यात इथे दोन कारणं वरचेवर भेटतात : उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, आणि एसीची ड्रेन नळी तुंबून गालिच्याखाली साचलेलं पाणी. कपलरमध्ये हिरवा गंज दिसला की नुसता स्प्रे मारून भागत नाही, पिन बदलावी लागते.

एवढं झाल्याशिवाय आम्ही युनिट बदलायला सांगत नाही. जुन्या बाजारातला इसीयू स्वस्त पडतो खरा, पण त्यात दुसऱ्याच गाडीचा कोड असतो. जुळवणी केल्याशिवाय इंजिन लागत नाही. आणि सॉफ्टवेअरमधून इम्मोबिलायझर कायमचा बंद करून देण्याचं काम आम्ही घेत नाही. ती गाडी मग साध्या कापलेल्या किल्लीनेही नेता येते.

नवी किल्ली बसवायला येताना आरसी, ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या आणाव्यात, कारण अनेक सिस्टिममध्ये प्रोग्रॅमिंग करताना जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. किल्ली हरवली असेल तर तिची नोंद मेमरीतून काढून घ्यावी आणि पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारीची प्रत जपावी. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.