समुपदेशन केले

कारखान्यांतील कामगारांची वार्षिक श्रवणतपासणी करताना खरी डोकेदुखी यंत्राची नसते, तर तपासणीपूर्वी किमान चौदा तास गोंगाटापासून दूर राहिलेला माणूस मिळण्याची असते. तसा तो मिळाला नाही, तर कानाला आलेला तात्पुरता बधिरपणा कायमचा समजून नोंदवला जातो. उत्पादन थांबू नये म्हणून व्यवस्थापन मात्र माणसे पाळीच्या मध्यावरच पाठवते आणि वर अहवाल वेळेत मागते.

त्या दिवशी प्रेस शॉपमधील, म्हणजे यंत्राच्या ठोक्याने धातूला आकार देणाऱ्या विभागातील, एक अनुभवी कामगार समोर होते. गेल्या वर्षी त्यांचा डावा कान ४००० हर्ट्झच्या उंच सुराला २५ डेसिबलवर प्रतिसाद देत होता. या वेळी त्यांनी बटण दाबले ते ४५ वर, म्हणजे आवाज बराच मोठा केल्यावर. २००० ठीक, ८००० बरे, मध्ये खड्डा. गोंगाटाने केलेली इजा आलेखावर अशीच उमटते. दुसऱ्या दिवशी पाळीआधी बोलावून पुन्हा तपासले, तेव्हा जेमतेम ५ डेसिबल परत आले होते.

“कानात फोमचे प्लग वापरता ना?” असे विचारल्यावर ते मोकळेपणाने म्हणाले, “आता तेवढा नाही वापरत, मॅडम. गोळ्या सुरू केल्यात. गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात ना, त्यांनी कानातल्या पेशी वाचतात?”

मी तसे म्हणाले नव्हते. पण जे म्हणाले होते, त्यातून एवढेच त्यांच्या लक्षात राहावे, यात त्यांचा दोष नाही. मोठ्या आवाजाने अंतःकर्णातील आवाज टिपणाऱ्या केसपेशींत ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होतात, आवाज थांबल्यावरही ते काही दिवस तयार होत राहतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांना निष्प्रभ करतात, हे मी रंगून सांगितले होते. अ, क, ई ही जीवनसत्त्वे आणि मॅग्नेशियम एकत्र दिल्यावर गिनीपिगच्या कानांची हानी कमी झाली, हेही सांगितले होते. मात्र शस्त्रसरावाच्या काळात सैनिकांना एन-ॲसिटिलसिस्टीन हे असेच एक अँटिऑक्सिडंट देऊन पाहिले, त्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुख्य निकषावर ठोस फरक आढळला नाही, हे सांगण्याआधीच पुढच्या माणसाची वेळ झाली होती. गोळ्यांच्या जाहिराती करणारे तर तेवढेही सांगत नाहीत.

मी त्यांना प्लग घालून दाखवायला सांगितले. त्यांनी तो नुसता कानाच्या तोंडाशी दाबला. फोम आधी बोटांत वळून पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक करावा लागतो, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी लागते आणि फोम फुलेपर्यंत बोट धरून ठेवावे लागते. मी तो तसा बसवल्यावर ते दचकले. “याने मशीनचा सूर कळणार नाही,” ते म्हणाले. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, सरकू लागला की प्रेसचा ठोका बदलतो आणि तो ऐकू यावा म्हणून ते अधूनमधून प्लग काढत, हे तेव्हा कळले. गोळ्यांनी त्यांना फक्त निर्धास्तपणे काढण्याची मुभा दिली होती. आठ तासांच्या पाळीत अवघी चोवीस मिनिटे काढला, तरी ३० डेसिबलच्या प्लगचे संरक्षण सुमारे १३ वर येते, हे मी कागदावर मांडून दाखवले. सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करणारे, ठोका ओळखू देणारे प्लग मिळतात; ते मागवावेत असे सुरक्षा विभागाला लिहिले. “प्लग वाटले आहेत, सह्या आहेत,” असे उत्तर आले.

संध्याकाळी त्यांची जुनी नोंद काढून पाहिली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात दोन शब्द होते: ‘समुपदेशन केले’. या वर्षी त्याच रकान्यात ते प्लग का काढतात, हे लिहायला घेतले. जागा पुरली नाही, म्हणून उरलेले कागदाच्या मागे लिहिले.