तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या गीतांना हात का लावतो?

भुसावळ-जळगावकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मला हमखास विचारले जाते की मिशनऱ्यांच्या काळापासून जशी गायली गेली तशी उपासनेची गीते मी का राहू देत नाही. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि ते अपुरे पडते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिले कारण व्यवहाराचे आहे. छापील मांडणी सोप्रानो व अल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज) आणि टेनर व बास (पुरुषांचे उंच व खालचे आवाज) या चार आवाजांसाठी आहे. आमच्या गायनवृंदातील तरुण नोकरीसाठी पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेले आणि टेनरच्या रांगेत अनेकदा कोणीच नसते. पायपेटीचा भाता खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यांत तडकत गेला व तिच्या जागी कीबोर्ड आला. पायाच्या दाबाबरोबर फुगणारा आणि ओसरणारा तो सूर, जो मराठी माणसाने संगीत नाटकांतल्या ऑर्गनमध्ये ऐकलेला आहे, कीबोर्डातून निघत नाही. मधले स्वर असे गळत असताना जुनी मांडणी रेटण्यापेक्षा, आहेत त्या आवाजांसाठी ती नव्याने लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

मात्र हे अर्धेच उत्तर आहे. टेनर भरपूर असते तरी मी थांबलो नसतो. ज्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची अभंगाच्या वळणाची गीते आज आपण जुनी म्हणून जपतो, तीही विलायती चालींच्या शेजारी एके काळी नवीच होती. आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आम्ही जिच्यावर मराठी शब्द गातो ती हास्लर या जर्मन संगीतकाराची चाल 1601 मध्ये छापली गेली तेव्हा प्रेमगीताची होती. भक्तिगीताचे शब्द तिच्यावर नंतर बसले. पुढे जर्मन संगीतकार बाखने येशूच्या दुःखसहनावरच्या आपल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या संगीतरचनेत ती पाच वेळा योजली, आणि येशूच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते तेव्हा चाल तीच राहून खालचे स्वर पार बदललेले असतात.

याच चालीवरून आमच्या वृंदात एक प्रसंग घडला. ती ज्या स्वरावर संपते त्याला षड्ज मानले, तर तिचे स्वर भैरवीचे होतात. हे ध्यानात घेऊन मी शेवटचे कडवे फक्त स्त्रियांच्या आवाजात ठेवले आणि त्याखाली कीबोर्डवर षड्ज-पंचमाचा अखंड सूर धरला. आजही ते मला माझ्या हातून झालेल्या कामांतले सर्वांत खरे काम वाटते. आमच्या वृंदात रेल्वेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ लहानपणापासून बास गात आले होते. त्या कडव्याला ते पुस्तक उघडे धरून नुसते उभे राहिले. उपासनेनंतर अंगणात म्हणाले, “या गीताचा बास मला माझ्या वडिलांनी शिकवला. त्यांच्या दफनाला मी तोच गायलो. आता मी कुठं उभं राहायचं, भाऊ?” मी त्यांना बाखची ती पाच रूपे सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाखनं स्वर बदलले. बास गाणाऱ्याला गप्प नाही बसवलं.” पुढच्या रविवारी ते वृंदात नव्हते, मागच्या बाकावर मंडळीत बसले होते, आणि अजून तिथेच बसतात.

विशीतला मी त्यांच्याच बाजूने बोललो असतो. तेव्हा छापील स्वरांतला एकही बदलला तर मी सराव थांबवत असे, आणि त्या मुलाची निष्ठा खोटी होती असे मला आज म्हणवत नाही. मध्यंतरी मी जुना बास त्या कडव्याखाली परत लिहून पाहिला. अखंड सुराशी तो जागोजागी भांडतो आणि भैरवी बुजून जाते. ते कडवे मला तसे नको आहे, आणि त्या आवाजावाचून रांगही पुरी वाटत नाही.

तेव्हा ज्यांना जुनी मांडणीच हवी आहे त्यांनी शनिवारच्या सरावाला यावे. टेनरची रांग मोकळी आहे. चारही आवाज जमले तर जुनी प्रत मी स्वतः काढून देईन, त्या शेवटच्या कडव्याखेरीज.