तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही एवढं वाचता, मग एखादं पुस्तक सुचवा म्हटलं की गप्प का बसता? आवडता लेखक विचारला की विषय का बदलता?"

आपल्या कॉलनीत 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाची फिरती पुस्तकपेटी यायला लागल्यापासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन! पेटीतली शंभर पुस्तकं टेबलावर मांडली जातात, चहा होतो आणि कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "काका, यातलं कुठलं घेऊ?" मी म्हणतो, "चाळून बघा, आवडेल ते घ्या." मग काही जणांना वाटतं, मी भाव खातो. एकीनं तर माझ्यासमोरच म्हटलं, "यांना आपण काही वाचण्याच्या लायकीचे वाटत नसू." ते वाक्य मला फार लागलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून आज एकदा सगळं सांगून टाकतो.

नाशिकमध्ये आवडता लेखक विचारल्यावर तात्यासाहेबांचं नाव घेतलं की पुढं कुणी काही विचारत नाही. मीही वर्षानुवर्षं "कुसुमाग्रज" म्हणून सुटलो. ते खोटं नव्हतं, त्यांच्या कविता मला आवडतातच. पण कादंबरीचं विचारलंत तर खरं उत्तर वेगळं आहे. माझा लेखक भालचंद्र नेमाडे, माझी कादंबरी 'कोसला'. हे उत्तर द्यायला मी का कचरतो, ते सातपूरच्या बसमध्ये घडलेल्या गोष्टीशी बांधलेलं आहे.

१९८६ साली मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो. राहायला नाशिकरोडला. कंपनीची बस बिटकोहून निघायची. उपनगर, गांधीनगर, द्वारका, मुंबई नाका करत त्र्यंबक रोडनं सातपूर. पहिल्या पाळीला जाताना निम्मी बस पेंगायची. परतताना मात्र मागच्या तीन-चार बाकांवर सात-आठ जण वाचत बसायचे. त्यातल्या कुणालाही तुम्ही साहित्यिक म्हटलं नसतं. एक गेटवरचे, दोघं ग्राइंडिंगचे, एक कँटीनचा, स्टोअरमधल्या एक बाई. गल्लीतल्या लायब्ररीतून डिपॉझिट भरून आणलेली, जाड पुठ्ठ्यात बांधलेली पुस्तकं असायची. बांधणीत समास असा कापलेला की ओळीची पहिली अक्षरं आत गेलेली. नारायण धारप, बाबा कदम, काकोडकर, सुहास शिरवळकर, मध्येच जयवंत दळवी, कधी खांडेकर. पुस्तक मागच्या बाकावरून पुढं यायचं, त्याबरोबर एकच वाक्य यायचं: "रात्री वाचू नको," किंवा "पहिली पन्नास पानं सोस, मग सुटत नाही." तेवढीच शिफारस. कुणी कुणाला 'हे का आवडलं' असं विचारत नसे, कारण कुणाला ते सिद्ध करायचं नव्हतं.

या सगळ्यात नाना होते. सातवीपर्यंत शिकलेले, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, लेथवर हात असा की ड्रॉइंग हातात घेतलं की एकदाच बघायचे. प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे, दुसऱ्याचं असलं तरी. त्यांच्याकडे स्वतःचं असं एकच पुस्तक मी पाहिलं, शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. ते दर श्रावणात काढायचे आणि संपवायचे. १९८९ साली तर त्यांना उधाण आलं होतं, कारण रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' लागायचं. सोमवारी बसमध्ये नाना टीव्हीवरच्या कर्णाची सावंतांच्या कर्णाशी तुलना करायचे आणि मागची सगळी बाकं कान देऊन ऐकायची. ज्यांनी 'मृत्युंजय' उघडलंही नव्हतं तेही.

माझं तेव्हा काय चाललं होतं? सार्वजनिक वाचनालयातून आणलेला 'कोसला' मी तीनदा वाचला होता आणि मग पगारातून स्वतःची प्रत घेतली होती. पांडुरंग सांगवीकर पुण्यात जातो, शिकत नाही, परत येतो, एवढंच होतं त्यात, आणि मला वाटलं होतं की माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा खरं लिहिलंय. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, १९६३ मध्ये आली. मीही पंचविशीचा. त्या वयात एखादं पुस्तक असं भेटलं की माणूस आधीचं सगळं फेकून द्यायला निघतो. अलंकारिक भाषा दिसली की मला राग यायचा.

ऑगस्टमधली संध्याकाळ, पाळी सुटलेली, बाहेर पाऊस. बसच्या काचा घामेजलेल्या. नाना शेवटाला आले होते, कर्णाचं चाक रुततं तिथं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. कँटीनचा पोरगा म्हणाला, "नाना, दरवर्षी तेच होतंय, तरी रडता?" सगळे हसले, नानाही हसले. तिथंच ते संपायला हवं होतं.

मी बोलायला लागलो. म्हणालो, यात रडण्यासारखं काय आहे? कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, शोण, दुर्योधन, शेवटी कृष्णही, सगळे आपापली कहाणी सांगतात आणि सगळ्यांची भाषा मात्र एकच. सूतपुत्र, राणी आणि देव एकाच आवाजात कसे बोलतील? नुसती उपमांची आरास आहे. खरी माणसं अशी बोलतात का? नाना ऐकत होते. त्यांनी मान हलवली तेव्हा मला वाटलं, पटतंय. मग मी शेवटचं वाक्य बोललो. "नाना, हे पुस्तक शाळेत असताना वाचायचं असतं. मोठेपणी नाही."

बस द्वारकेला अडकली होती. कुणीच काही बोललं नाही. स्टोअरच्या बाई खिडकीकडे बघायला लागल्या. नानांनी पान दुमडलं नाही, खूण घातली नाही, पुस्तक तसंच मिटलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. म्हणाले, "असेल बाबा. तू जास्त शिकलेला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, मनातून मोकळा झालो असतो. बिटकोला उतरताना त्यांनी नेहमीसारखं "चल, येतो" म्हटलं.

मला तेव्हा पश्चात्ताप झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार केले. आठवड्यानं मी त्यांना माझा 'कोसला' नेऊन दिला. "हे वाचा, म्हणजे मी काय म्हणत होतो ते कळेल." पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं, वर्तमानपत्राच्या कव्हरात, कोपरे नीट दुमडलेले. नाना म्हणाले, "मनू गेली, तिथं थांबलो."

मनू म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण. देवीच्या रोगानं ती जाते. वाचणाऱ्याला ते पान विसरता येत नाही. आणि मी काय म्हणालो? "थांबायला नको होतं. त्याच्या पुढं खरं आहे सगळं." नाना "हं" म्हणाले. का थांबलात, असं मी विचारलं नाही. आज छत्तीस वर्षं झाली, मला अजून माहीत नाही ते का थांबले. त्या वेळी मी धरून चाललो की त्यांना झेपलं नाही. आता वाटतं, एखाद्या लेखकाला यापेक्षा मोठी दाद कुठली असेल? पण हेही माझंच धरून चालणं आहे. कदाचित त्यांना खरंच कंटाळा आला असेल. विचारलं असतं तर कळलं असतं.

त्यानंतर नाना बसमध्ये फक्त पेपर वाचायचे. सोमवारच्या महाभारताच्या गप्पा थांबल्या. हळूहळू मागच्या बाकांवरची देवाणघेवाणही आटली. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. घरोघरी टीव्ही आले होते, गल्लीतल्या लायब्रऱ्या पुढं एकेक करून बंद झाल्या, स्टोअरच्या बाईंची पाळी बदलली. एका पंचविशीच्या पोराच्या बोलण्यानं सात-आठ मोठ्या माणसांचं वाचन बंद पडत नसतं. हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण ज्या माणसाला मी ते वाक्य बोललो, तो माझ्यासमोर पुन्हा कधी पुस्तक घेऊन बसला नाही, हेही खरं आहे.

१९९७ मध्ये नाना रिटायर झाले. निरोप समारंभाचे फोटो द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. फडताळात देवाच्या पोथ्यांशेजारी ते 'मृत्युंजय' होतं. नाना पाणी आणायला आत गेले तेव्हा मी ते उचललं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर एकाखाली एक तारखा होत्या, बॉलपेनच्या, काही निळ्या, काही काळ्या. दर श्रावणातली एक. माझी नजर सरळ १९८९ वर गेली. त्या वर्षीची तारीख होती, आमच्या बसमधल्या त्या संध्याकाळनंतर तीन दिवसांची. नव्वदची होती. एक्क्याण्णवची होती. सगळी होती.

म्हणजे त्यांनी घरी जाऊन ते संपवलं होतं, आणि पुढं दरवर्षी वाचत राहिले होते. आठ वर्षं आम्ही एका बसमध्ये रोज जाऊन-येऊन दोन तास बसत होतो आणि त्यांनी मला ते कळू दिलं नव्हतं. मी पुस्तक जागेवर ठेवलं. पाणी प्यालो. क्षमा मागायचं मनात होतं, पण मग तारखा पाहिल्याचं सांगावं लागलं असतं. फोटोंबद्दल बोललो आणि निघालो. नाना २००८ मध्ये गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, टीकाच करायची नाही? जे आवडतं त्याला सगळ्यांनी नुसतं छान-छान म्हणायचं? नाही. त्या पंचविशीच्या पोराशी मी आजही भांडतो, आणि दरवेळी मी जिंकतो असं नाही. तो म्हणतो, "माझं म्हणणं चुकीचं होतं का?" मला मान्य करावं लागतं की नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला साहित्य संमेलन झालं तेव्हा स्टॉलवरून मी 'मृत्युंजय'ची नवी प्रत आणली आणि पुन्हा वाचली. भाषा मला आजही जड वाटते. सगळे एकाच आवाजात बोलतात, हेही तसंच वाटतं. फक्त कर्ण चंपानगरी सोडून निघतो आणि धाकटा शोण रथामागं धावत सुटतो, तिथं मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पंचविशीत ते पान मी वाचलं होतं का? वाचलंच असणार. काही आठवत नाही.

तो पोरगा असंही म्हणतो की खांडेकर-सावंतांना बाजूला केल्याशिवाय नेमाडे हाती लागत नाहीत. यावर माझं त्याच्याशी जमत नाही. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ 'ययाति'साठी मिळालं, नेमाड्यांना २०१४ चं मिळालं, आणि मधल्या चाळीस वर्षांत मराठी वाचकानं दोघांनाही घरात ठेवलं, अनेकदा एकाच फळीवर. मला मात्र तेव्हा फळीवर एकच पुस्तक हवं होतं. पण खरं सांगू? ज्या माणसाला तसं एकदाही वाटलं नाही, त्याला एखादं पुस्तक खरोखर भेटलंय का, अशीही शंका मला येते. हे कसं जुळवायचं ते मला जमलेलं नाही.

म्हणून मी सुचवत नाही. "हे वाचा" म्हणताना त्याच्या मागं "म्हणजे कळेल" हे शब्द माझ्या तोंडाशी येतात, आजही. संमेलनात एका कॉलेजच्या मुलानं मला स्टॉलसमोर अडवून विचारलं, "आजोबा, मराठीत सुरुवात कुठून करू?" मी त्याला विचारलं, शेवटचं काय वाचलंस? तो अर्धा तास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'बद्दल बोलला. मी एक शब्द मध्ये बोललो नाही. जाताना त्यानं काय विकत घेतलं ते मी पाहिलं नाही.

आणि ज्या ताई म्हणाल्या, तुम्ही आम्हाला लायकीचं समजत नाही, त्यांना एवढंच सांगायचंय. मागच्या महिन्यात तुम्ही बेडेकरांचं 'रणांगण' पेटीत परत ठेवलंत. सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक, पण आतली खूण, सिटी बसचं तिकीट, मध्यावरच राहिली होती. मी पाहिलं. तेव्हा भोवती सगळे होते, म्हणून विचारलं नाही. या रविवारी पेटी बदलायच्या आधी जमलं तर जरा लवकर या. ते तिकीट मी जपून ठेवलंय. कुठं थांबलात आणि का, ते मला ऐकायचंय.