रिकाम्या डिकीचे काम

दुपारच्या जेवणानंतर झोप आणि जाग यांच्या मधल्या तासाभरात टूरिंग कार शर्यतींची, म्हणजे विक्रीच्या गाड्यांवर बेतलेल्या मोटारींच्या शर्यतींची, जुनी चित्रणे आवाज बंद करून पाहत बसण्याची मला सवय आहे. परवा असेच पाहत असताना एक हॅचबॅक वळणाच्या आतल्या कडेवर चढली, तिचे मागचे आतले चाक जमिनीपासून चांगले वीतभर वर उचलले गेले आणि ते तसेच हवेत ठेवून ती बिनदिक्कत तीन चाकांवर पुढे निघून गेली. पाठोपाठ आलेल्या सेडानने तेच वळण काहीशा रुंद रेषेतून, कसलाही देखावा न करता घेतले आणि वळण संपल्यावर पाहावे तर दोघींमधले अंतर पूर्वी होते तेवढेच होते. मी चित्रण तिथेच थांबवले, कारण पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या शर्यतीच्या गाडीला सेडानचा आकार बरा की हॅचबॅकचा, या प्रश्नावर माझे मत फार जुने आहे आणि ते कशावर उभे आहे हे मी कधी नीट तपासून पाहिलेले नाही.

मत असे, की गाडीला शेपूट हवी. लहानपणी वहीच्या मागच्या पानांवर मी ज्या असंख्य मोटारी काढल्या त्या सगळ्या तीन खोक्यांच्या होत्या: पुढे बॉनेट, मध्ये माणसे, मागे डिकी. आतेभाऊ सुट्टीत आला की तोही शेजारी बसून मोटारी काढी आणि त्याच्या मोटारी छप्पर संपते तिथेच सरळ खाली उतरत. ‘तुझ्या गाडीचे सामान कुठे आहे?’ असे मी विचारी आणि ‘शर्यतीला सामान कशाला लागते?’ असे तो म्हणे. यावर मला उत्तर सुचत नसे, म्हणून त्याला कागद पुरला नाही असे मी सर्वांना सांगत असे. शर्यतीच्या सेडानमध्ये डिकी रिकामीच असते, हे त्याचे म्हणणे अर्थात खरे होते. पण रिकामी असणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे, एवढे मात्र मी आता त्याला ठणकावून सांगू शकेन.

पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी शर्यतीत उतरवणे हा मुळातच थोडा हट्टाचा प्रकार आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ताकद पुढच्या चाकांत आणि वळवायचेही त्याच चाकांनी. म्हणजे होडीत एकानेच वल्हीही मारायची आणि सुकाणूही धरायचे आणि बाकीच्यांनी मागे बसून वजन वाढवायचे. पुढचे टायर लवकर झिजतात, मागचे लवकर तापत नाहीत, म्हणून पहिल्याच फेरीत, थंड मागच्या टायरांवर, अनुभवी चालकांच्या गाड्याही अचानक गिरकी घेतात. वळणात शिरताना नाक बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते आणि ते आत आणण्यासाठी मागची बाजू मुद्दाम सैल, चंचल ठेवावी लागते. मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी, इतका कडक ठेवतात की आतले चाक उचलले जाते; त्या चाकाकडे ताकद जात नसल्याने ते हवेत राहिले तरी फारसे बिघडत नाही. आता इथे हॅचबॅकची बाजू खरोखर भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. मागच्या आसापलीकडे तिचे अंग जवळजवळ संपलेलेच असते, त्यामुळे तिला स्वतःभोवती फिरवायला कमी कष्ट पडतात आणि अरुंद, लागोपाठच्या वळणांत ती चटकन दिशा बदलते.

परंतु वळण संपते आणि चालक पाय दाबतो, तेव्हा गोष्ट पालटते. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना रस्ता घट्ट धरायचा आहे नेमक्या त्यांच्यावरचाच दाब कमी होतो. हा सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीबरोबर वाढतो आणि दोन आसांमधल्या अंतराबरोबर, म्हणजे व्हीलबेसबरोबर, घटतो; लांब व्हीलबेसची, मागच्या बाजूला छप्पर आणि काच कमी असलेली सेडान म्हणूनच इथे थोडे कमी गमावते. उरलेले काम हवा करते. हॅचबॅकच्या छपराच्या कडेशी हवा एकदम सुटते आणि मागे भोवऱ्यांची मोठी पोकळी ओढत नेते. सेडानच्या मागच्या काचेवरून मात्र ती बऱ्यापैकी चिकटून खाली उतरते, डिकीच्या झाकणावरून पुढे जाते आणि तिथे बसवलेल्या विंगला, म्हणजे गाडी खाली दाबून धरणाऱ्या आडव्या पंखाला, काम देते. सरळ लांब रस्त्यावर आणि वेगवान वळणांत मागची बाजू शांत राहते ती यामुळे. सामान नेण्यासाठी केलेली जागा शर्यतीत हवा वाहते, हा मला त्या तिसऱ्या खोक्याचा सर्वांत मोठा सन्मान वाटतो.

डिकीने मात्र एकदा खरोखरच सामान वाहिले आणि त्यावरून ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत गदारोळ झाला. १९९४ साली अल्फा रोमिओने १५५ ही सेडान ब्रिटनमध्ये उतरवली. नियमाप्रमाणे शर्यतीतली रचना विक्रीच्या गाडीवरही असायला हवी होती. अल्फाने विक्रीची विशेष आवृत्ती काढली आणि मागचा स्पॉइलर उंच करण्याचे जोडभाग न बसवताच गाडीबरोबर डिकीत ठेवून दिले; ज्याला हवे त्याने बसवून घ्यावेत. अल्फाचा चालक गॅब्रिएले तार्किनी हंगामाच्या सुरुवातीपासूनच जिंकत सुटला, प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या, ओल्टन पार्कच्या शर्यतीतून अल्फाने रागाने माघार घेतली आणि समेट झाल्यावर परत येऊन विजेतेपदही नेले. त्याच हंगामात व्होल्व्होने ८५०ची चक्क इस्टेट, म्हणजे छप्पर शेवटपर्यंत लांबवलेली गाडी, शर्यतीत आणली होती. लोक हसले, तेव्हा संघाने एका प्रदर्शन फेरीत मागच्या जागेत मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून सर्वांच्या थट्टेला साथ दिली. पुढच्या वर्षी विंग सर्वांनाच मोकळी झाली आणि व्होल्व्होने निमूटपणे सेडान घेतली. रिकार्ड रिडेलने १९९८ साली व्होल्व्होला विजेतेपद मिळवून दिले तेही एस४० या सेडानमधूनच. माझ्या बाजूने हा पुरावा मी नेहमी पुढे करतो.

विरुद्ध बाजूचा पुरावा त्याच तार्किनीकडे आहे, हे दुर्दैव. २००३ साली तो युरोपीय विजेता झाला तोही अल्फाच्या सेडानमधून, १५६मधून. इथवर सगळे माझ्या मनासारखे चालले होते. मग २००९ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सिआत लिऑन या डिझेलवर धावणाऱ्या बुटक्या हॅचबॅकमधून तो जगज्जेता झाला आणि २०१८ साली, छप्पन्नाव्या वर्षी, ह्युंदाई आय३० एन या दुसऱ्या हॅचबॅकमधून त्याने डब्ल्यूटीसीआर ही जागतिक पातळीवरची टूरिंग कार स्पर्धा जिंकली. चारही गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या. दोन शेपटीच्या, दोन बिनशेपटीच्या. एखाद्याने हा वाद आयुष्यभर कुंपणावर बसून चालवायचा ठरवले असते तरी त्याला इतका चोख हिशेब जमला नसता.

शिवाय सगळ्या गाड्या आपापल्या रकान्यात मुकाट बसतील तर शपथ. अ‍ॅलन मेनूने १९९७ साली ज्या रेनो लगुनामधून ब्रिटिश विजेतेपद जिंकले तिची शेपूट दुरून सेडानसारखी दिसते, पण मागचे दार काचेसकट वर उघडते. उलट १९६१ साली जॉन व्हिटमोरला विजेता करणारी आणि पुढे जॉन ऱ्होड्सच्या हातात वळणावळणावर पुढच्या टायरांचा पांढरा धूर काढणारी ती मिनी, जिला पाहून कोणीही हॅचबॅकच म्हणेल, तिला चिमुकली का होईना पण स्वतंत्र डिकी आहे. मिनी मी माझ्या बाजूला मोजतो. आतेभावाला हे मान्य नाही.

टूरिंग कार शर्यतींसाठीच्या आजच्या टीसीआर नियमांत चार किंवा पाच दारांच्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या, दोन लिटरपर्यंतच्या टर्बो इंजिनाच्या गाड्या धावतात आणि तिथे हा प्रश्न निकाली काढण्याची फार सुंदर संधी होती. फोक्सवॅगन गोल्फ, सिआत लिऑन आणि ऑडी आरएस३ या एकाच घराण्यातल्या, यांत्रिकदृष्ट्या जवळजवळ सख्ख्या बहिणी; पहिल्या दोघी हॅचबॅक आणि ऑडीने मात्र, आपल्याकडे त्याच नावाची हॅचबॅक असतानाही, शर्यतीसाठी सेडान निवडलेली. ह्युंदाईनेही जिंकणारी आय३० बाजूला ठेवून एलांट्रा एन ही सेडान आणली, जिचा व्हीलबेस सात सेंटिमीटरने जास्त आहे, आणि मिकेल अस्कोनाने २०२२ साली त्याच गाडीतून डब्ल्यूटीसीआरचे विजेतेपद घेतले. त्याआधीची दोन वर्षे यान एर्लाशेर लिंक अँड को ०३ या सेडानमधून जिंकला होता. मी टाळी वाजवणार होतो.

पण या शर्यतींत गाड्यांचा समतोल राखण्याची पद्धत आहे. कोणता आकार सरस ठरतो आहे असे दिसू लागले की नियामक त्या गाडीचे वजन वाढवतात, तिला जमिनीपासून काही मिलिमीटर उंच करतात किंवा इंजिनाची ताकद थोडी कापतात, जेणेकरून सगळ्या गाड्या पुन्हा एकमेकींच्या जवळ याव्यात. शर्यती त्यामुळे चुरशीच्या होतात, खर्च आटोक्यात राहतो, छोटे संघ टिकतात. त्याविरुद्ध बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही. फक्त एवढेच, की निसर्गाने शेपटीला दिलेला जो काही लाभ असेल तो मोजला जातो, तितक्याच वजनाचे शिसे गाडीत बसवले जाते आणि हिशेब शून्यावर येतो. मग सेडान निवडायची की हॅचबॅक, हे बऱ्याच अंशी कंपनीला विक्रीच्या दालनात कोणती गाडी पुढे उभी करायची आहे यावर ठरते, आणि जाहिरात विभागाशी वायुगतिकीवरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

तरीही नव्या हंगामाच्या वजनांची यादी आली की मी ती वाचतो, आणि एखाद्या सेडानच्या बाबतीत नियामकांकडून पाच-दहा किलोंची चूक व्हावी, तीही माझ्या सोयीची, अशी मनापासून इच्छा करतो.