कच्छला गेलात तर ‘भुंगा’ घर आतून बघा

किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, तेव्हा मी सात वर्षांची होते. नंतर बरेच महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले, उन्हाळ्यात दुपारी आत बसवायचंच नाही, आजी बाज उचलून लिंबाखाली जायची. घाईत उभारलेला निवारा राहण्यासारखा का नसावा हा प्रश्न तेव्हापासूनचा, म्हणून 2001 मध्ये असाच भूकंप झालेल्या कच्छला या जानेवारीत जाऊन आले.

दादरहून सयाजीनगरी एक्सप्रेस पकडली की थेट भुज. पहिला दिवस भुजियो डुंगर या टेकडीवरच्या स्मृतिवनाला, म्हणजे त्या भूकंपाच्या स्मारकाला द्या, घाई करू नका. तिथे भूकंपाचा हादरा अनुभवायची सोय आहे, पण खरा भूकंप बघितलेल्यांनी विचार करूनच आत जावं, मी बाहेरच थांबले.

दुसऱ्या दिवशी गाडी करून बन्नी या गवताळ भागातल्या गावांत. भुंगा म्हणजे तिकडचं गोल मातीचं घर, 2001 च्या भूकंपात यातले कितीतरी टिकले. गोल भिंतीला कोपरा नाही, त्यामुळे हादऱ्याचा जोर एका जागी साठत नाही आणि वर गवताचं हलकं छप्पर. आमच्याकडे जाडजूड दगडी भिंती, वर माळवदावर मातीचा थर, पहाटे चारच्या सुमाराला झोपेतच सगळं अंगावर आलं. एका ताईंनी मला आत बसवलं, लिंपणावर त्यांच्या बोटांच्या खुणा जशाच्या तशा होत्या, बाहेर ऊन चटचटत होतं आणि भिंतीला पाठ टेकली तर गार!

भुजमध्येच 2001 साली शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टने कागदी नळ्यांची घरं उभारली होती. 1995 ला कोबेमध्ये त्यांनी पायाला वाळू भरलेले बिअरचे क्रेट वापरले, इथे मात्र पडलेल्या घरांचा राडारोडा घातला, वर मातीची जमीन. छपराला बांबूच्या कमानी, दोन चटया आणि मध्ये प्लास्टिक, टोकाच्या चटईच्या भोकांतून हवा खेळायची म्हणून आत चूलही पेटवता यायची. मला हे फार पटलं, डिझाइन तेच पण सामान गावातलं. ती घरं तात्पुरतीच होती, बघायला मिळतील या आशेनं मात्र जाऊ नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. पांढऱ्या रणासाठी, म्हणजे तिथल्या मिठाच्या मैदानासाठी, परमिट लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा, पेट्रोल भुजलाच भरा, रोख पैसे असू द्या. माती-बांबूचं काम शिकायचं असेल तर भुजच्या हुन्नरशाळा या संस्थेत आधी विचारून जा. आणि भुंग्यात शिरताना विचारा, चपला बाहेर काढा, लोक राहतात तिथे.