जुनं गाव वर आलं की मी का येत नाही

आमचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. दर तीन-चार वर्षांनी एप्रिल-मे आला की माझा फोन सुरू होतो. "काका, उजनी मायनसमध्ये गेलीय, जुनं गाव उघडं पडलंय. रविवारी येतोय आम्ही, तुम्ही चला की." मी नाही म्हणतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमचं घर आहे तिथं, आणि तुम्हीच कसे येत नाही?" पुतण्यांनी विचारलं, भाच्यांनी विचारलं, पुण्याच्या व्याह्यांनी विचारलं. कॅमेरा घेऊन आलेल्या एका मुलीनं तर "तुम्हाला गावाची ओढ वाटत नाही का?" असंच विचारलं. तिला मी चहा दिला, उत्तर दिलं नाही. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून आता एकदाच लिहितो.

आधी मला राग कशाचा येतो ते सांगतो. गाव वर आलं म्हणून तुम्हाला आनंद होतो. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. वापरायचं पाणी संपून या मृतसाठ्याला हात लागला की धरण मायनसमध्ये गेलं म्हणतात. तोही बराच खाली गेला की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि अजून खाली गेलं की आमची पांढरी, म्हणजे जुनं गावठाण, दिसायला लागते. म्हणजे माझ्या घराचं जोतं उन्हात यायचं, तर भीमेच्या दोन्ही काठांचा ऊस वाळायला लागलेला असतो आणि सोलापुरात बायका नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत असतात. २०१३, २०१६, २०१९, २०२४. ही सालं माझ्या डोक्यात उसाच्या जळालेल्या शेंड्यांसकट बसलीत. त्या दिवसांत कुणी हौसेनं "चला" म्हटलं की माझ्या तोंडून वाकडं बोलणं जातं, आणि मग घरात म्हणतात, तुम्ही माणसं तोडता.

शिवाय मी जात नाही हे खरंही नाही. पाणी मागं सरलं की आम्ही काठावरचे शेतकरी त्याच्यामागं जातो. पाणबुडी मोटार उचलायची, केबल वाढवायची, पाइपाला पाइप जोडत न्यायचा, पाणी फारच लांब गेलं तर चार जणांनी वर्गणी काढून पोकलेन लावायचा आणि चर खोदायची. २०२४ ला माझा पाइप जुन्या मारुतीच्या पाराला वळसा घालून गेला होता. महिनाभर रोज दोनदा मी त्या पारावरून गेलो. पण जोडीला गडी, हातात पान्हा, आणि लाइट किती वाजता येणार ही चिंता. त्याला तुम्ही गाव बघणं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

आता खरं कारण.

आम्ही गाव सोडलं १९७६ च्या उन्हाळ्यात. मी दहा वर्षांचा होतो आणि मला फार मजा वाटत होती, हे कबूल करतो. ट्रकमध्ये बसायला मिळणार होतं. आमचं माळवदाचं घर, तीन खणांचं. अण्णांनी आणि चुलत्यांनी आधी माळवदावरची माती ओढली, मग सर, तुळया, खांब, दाराची चौकट, सगळं लाकूड काढलं. नव्या गावठाणात घर उभं करायचं तर ते लागणारच होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती नुसत्या उभ्या राहिल्या, डोळे काढल्यासारख्या. शेवटी राहिलं सोप्यातलं उखळ. ते जमिनीत पुरलेलं, काळ्या दगडाचं. अण्णांनी पहार घातली आणि जोर दिला. उखळ हललं नाही, काठाचा तळहाताएवढा टवका मात्र उडाला. आई पुढं झाली. म्हणाली, "राहू द्या. फुटंल. हितंच बरंय ते." तेवढा टवका तिनं पिशवीत टाकला.

नव्या घरात त्या टवक्यानं ती लसूण ठेचायची. मी तो चाळीस वर्षं बघत होतो आणि तो कशाचा तुकडा आहे हे पार विसरून गेलो होतो. नवं घरही पुढं आम्ही पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. अण्णांनी आणलेली सागाची चौकट बुटकी पडते म्हणून मीच ती गोठ्याला लावली.

२०१६ च्या मे महिन्यात आई म्हणाली, मला एकदा ने. तेव्हा तिचं वय ऐंशीच्या घरात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोतं टाकून तिला बसवलं आणि नेलं. वरनं गाळ वाळलेला, भेगा इतक्या रुंद की पाऊल अडकावं, आणि सगळीकडं शिंपले. मी एका जोत्यापाशी ट्रॅक्टर थांबवला आणि सांगितलं, हे आपलं घर. तिनं नुसतं बघितलं आणि मान हलवली. मग मारुतीच्या पारापाशी गेली, पाराला पाठ करून उभी राहिली आणि चालायला लागली. तोंडानं घरं मोजत होती, माणसांच्या नावानं. तिसऱ्या जोत्यावर चढली. "ह्यो सोपा," म्हणाली, आणि खाली बसून हातानं गाळ उकरायला लागली.

मी ट्रॉलीतलं खुरपं आणून दिलं. वीतभर खाली उखळाचा काठ लागला. तिनं आतला गाळ काढला, शिंपले वेचून बाजूला ठेवले, पदरानं कड पुसली. मग पिशवीत हात घातला आणि लसूण ठेचायचा तो दगड काढला. काठाला जिथं खोक पडली होती तिथं तो ठेवला, जरा फिरवला, आणि बसला. "बस्तंय बघ," म्हणाली.

मी हे उभ्या-उभ्या बघितलं. आणि ती म्हणाली, "ट्रॅक्टरला साखळी लावून निघंल का रं? घरी न्हेऊ." मी म्हणालो, "आई, घरी मिक्सर हाय, गावात गिरणी हाय. काय करायचाय त्यो दगूड?"

त्या दिवशी सकाळीच माझी केबल जळाली होती. चार एकर ऊस उभा होता, सोसायटीचं कर्ज होतं, लाइटची पाळी दुपारची होती. ही कारणं मी स्वतःला आजवर किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. एकही खोटं नाही. पण साखळी ट्रॉलीतच होती, आणि अर्ध्या तासाचं काम होतं.

ती "बरं" म्हणाली. टवका उचलून पिशवीत टाकला. घरी येईपर्यंत काही बोलली नाही, आणि नंतर कधी तो विषयही काढला नाही. पुन्हा पाणी तेवढं उतरायच्या आत, २०१८ च्या दिवाळीनंतर, ती गेली.

२०१९ ला पाणी उतरलं तेव्हा मी दोन गडी, पहार आणि साखळी घेऊन गेलो. पारापासून मोजत गेलो, तिच्यासारखं. तिसऱ्या जोत्यावर गोल खड्डा होता. कडेची माती ओली, ताजी. आठ-दहा दिवसांत कुणीतरी उखळ उपटून नेलं होतं.

त्यानंतर महामार्गावर भिगवणपासून इंदापूरपर्यंत ज्या-ज्या हॉटेलच्या दारात शोभेला जाती-उखळं मांडलीत, तिथं मी थांबायचो. टवका गाडीच्या डिकीत असायचा. एका ठिकाणी एका उखळाच्या काठाला खोक होती. मी दगड लावून बघितला. बसला नाही. एक वेटर जवळ येऊन "काय पाहिजे, काका?" म्हणाला, आणि माझ्यानं बोलवेना. तेव्हापासून शोधणं सोडलं.

२०१६ च्या त्या माणसाशी, म्हणजे माझ्याशीच, मी अजून भांडतो. मी म्हणतो, तू आईला एक दगड आणून देऊ शकला नाहीस. तो म्हणतो, त्या वर्षी ऊस वाचला नसता तर पोरीचं कॉलेज सुटलं असतं. मी म्हणतो, अर्ध्या तासात ऊस वाळतो का? तो म्हणतो, तिनंच १९७६ ला राहू द्या म्हटलं होतं. यावर मला काही सुचत नाही. आणि घर घालवणाऱ्या त्याच पाण्यावर आमचं घर चालतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. ते पाणीही आता आईच्या वेळचं राहिलं नाही. ती भीमेतून घागर भरून थेट माठात ओतायची. आता वरनं पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मिसळून येतं, उन्हाळ्यात हिरवं पडतं. तेच उसाला देतो. दुसरं कुठून आणू?

ओढ आहे. इतकी आहे की पाऊस लांबला की मनात एकदा येऊन जातं, अजून थोडं उतरू दे. चर खोदणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हे येतं, याची मला भीती वाटते. तुमच्याबरोबर तिथं फोटोला उभं राहून मला हे चेहऱ्यावर आणायचं नाही.

तुम्ही जरूर जा. सकाळी लवकर जा, उन्हाच्या आत परता. पोरांचा हात सोडू नका. गाळ वरनं वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, माणूस मांडीपर्यंत जातो. वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीच्या दगडांवर, चढू नका, आणि तिथला दगड, वीट, काही उचलून आणू नका. आमचं घर पाराला पाठ केल्यावर तिसरं. आणि कुठं काठाला तळहाताएवढी खोक पडलेलं काळं उखळ दिसलं, तर फोटो पाठवू नका, तिथूनच फोन करा. टवका माझ्याकडं आहे.